स्क्रूचा रकाना

कपाट कोसळलं कारण सुताराचा सांधा कच्चा होता, असं तुम्ही चौकशीच्या अहवालात लिहिलंत. साफ खोटं लिहिलंत, आणि लिहिताना तुम्हाला ते माहीत होतं.

तो सुतार म्हणजे माझे वडील. मी बारा वर्षं त्यांच्याच हाताखाली पटाशी धरली आहे. तुमच्या दप्तरखान्याच्या कपाटाचे कोपरे आम्ही दाते कापून एकमेकांत बसवले होते, दोन्ही हातांची बोटं गुंतवावीत तसे. खिळा नाही, स्क्रू नाही.

तुमचा तपासनीस आमच्या वर्कशॉपमध्ये आला. कपाटाभोवती फिरून त्याने कागद काढला.

"स्क्रू किती?"

"एकही नाही, साहेब," बाबा म्हणाले. "ओढून बघा."

"मी कशाला ओढू? रकान्यात आकडा पाहिजे. शून्य चालत नाही."

"मग तुमच्या खुर्चीचे मोजा आणि तेच लिहा."

मी हसले. तो हसला नाही. 'नापास' असा शेरा मारून गेला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "आपले कपडे ठेवू त्यात."

चार दिवसांनी बाबा वखारीत लाकूड बघायला गेले होते, तेव्हा तो परत आला. "ताई, कोपऱ्याला चार-चार मारून टाका की. म्हातारबुवांना पत्ता लागणार नाही." मी मारले. भुसा सरसात कालवून वरून डोकी बुजवली. कपाट पास झालं.

ज्या दात्यांत स्क्रू घुसले, ते आतून चिरले होते. दोन वर्षांत चिरा वाढत गेल्या आणि एका सकाळी वरची फळी दप्तरांसकट कारकून बाईंच्या पायावर आली. घोटा मोडला त्यांचा.

चौकशीच्या दिवशी बाबा मोडलेल्या कोपऱ्यापाशी उकिडवे बसले. नखाने त्यांनी भुसा उकरला. आत पितळी डोकं चमकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट तिथेच ठेवलं, झाकून. तुमचा तपासनीस खिडकीबाहेर बघत होता.

"काय म्हणणं आहे तुमचं?" तुम्ही विचारलंत.

"सांधा माझा होता," बाबा म्हणाले.

आणि मी गप्प बसले.

त्या दिवसापासून बाबांनी पटाशीला हात लावलेला नाही. मला एका शब्दाने विचारलेलं नाही. जेवताना मीठ मागतात, तेवढंच बोलणं.

म्हणून लिहून देते. स्क्रू मी मारले, सोळा. बाईंच्या पायाचा माझा वाटा माझ्या नावावर लिहा, बाबांचं नाव खोडा. पण माझ्या एकटीवर खापर फोडून हात झटकू नका. तपासणीचा कागद तुमच्याच दप्तरात आहे. आधी 'नापास', चार दिवसांनी स्क्रूच्या रकान्यात 'सोळा', आणि खाली सही. अहवाल लिहिताना तो तुमच्यासमोर होता.

ती सही करणाऱ्याचं नाव अहवालात का नाही? उत्तर द्या. लेखी द्या, आणि बाबांच्या हातात द्या.