कापसाच्या काट्यावर झुंबरबाई

मागल्या वर्षी झुंबरबाईला दोनदा जीपमध्ये घालून धुळ्याला न्यावं लागलं होतं. दुसऱ्या वेळी घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "तुमच्या हृदयाचा जोर कमी झालाय. अंगात पाणी साठतं. ते आधी काट्याला कळतं, मग तुम्हाला. जेवणातलं मीठ बंद करा, रोज सकाळी वजन करा. अचानक चढलं तर दम लागायची वाट पाहू नका, फोन करा."

धरणगावात घरी काटा कुठला? झुंबरबाई रोज जिनिंगवर जाऊन कापसाच्या काट्यावर उभी राहू लागली. हमाल हसत, "अक्का, आज कितला कापूस लयनी?" तीही हसे, पण वना नावाच्या तोलाऱ्याकडून आकडा ऐकल्याशिवाय खाली उतरत नसे. तिचा मुलगा जीवराम मात्र लाजेनं तिकडे फिरकत नसे.

पौषात ती नातेवाइकांकडे मेहरूणला दोन दिवस राहून आली. दुसऱ्या सकाळी काटा दोन किलो जास्त दाखवू लागला. घरी येऊन तिनं ते सांगितलं.

"पाहुणचार शे तो, माय," जीवराम म्हणाला. "बठ्ठासनं वाढस, सगळ्यांचंच."

"पाहुणचार नही, पाणी शे," म्हणत ती चपला घालून एसटीडी बूथकडे निघालीसुद्धा. जीवराम कुरकुरत मागे गेला.

डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "नडगी अंगठ्यानं दाबा. खळगा राहतो का?"

तिनं फोन मुलाच्या हाती दिला, वाकून नडगी दाबली. अंगठा काढला तरी खळगा तसाच. जीवराम फोनमध्ये म्हणाला, "राहतो, डॉक्टर."

"आणि झोपताना उशा दोन लागतात, कालपासून. सपाट झोपवत नाही," ती खालूनच म्हणाली. हे त्याला ठाऊकच नव्हतं.

डॉक्टरांनी लघवीची एक गोळी वाढवली, पाणी बेतानं प्यायला सांगितलं. दम लागला तर मात्र सरळ धुळं गाठायचं. दुसऱ्या सकाळी जीवराम तिच्याआधी काट्यापाशी हजर होता. वजन हळूहळू उतरलं. या खेपेला जीप लागली नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या सिंगा नावाच्या रुग्णाशेजारी बसवलं. त्याचंही दुखणं तेच. झुंबरबाईनं त्याला नडगी कशी दाबायची ते दाखवलं, गावात रेशन दुकानावर काटा आहे का तेही विचारलं. त्याची बायको कस्तुरा म्हणाली, "पण बिनमिठाचं खातील कसं?"

"पह्यले पह्यले रडू येस," झुंबरबाई म्हणाली. "मंग जीभ शिकस."

जीवरामनं चमकून आईकडे पाहिलं. ती रडल्याचं घरात कुणालाच कळलं नव्हतं.