भर उन्हातला फ्लॅश

मित्रांनो, मी कॅमेऱ्याचा एक जुना फ्लॅश आहे. दहा वेळा कळ दाबली तर चार वेळा पेटतो, आणि पेटल्यावर बराच वेळ बारीक शिट्टी वाजवत बसतो. जन्मभर लोकांच्या तोंडावर उजेड टाकण्याचं काम केलं, त्यामुळे हसणारे चेहरे मी पोत्यांनी पाहिले. त्यातल्या एका हसण्याची मला आजही शिसारी येते. ते सांगतो.

माझा पहिला मालक फोटोग्राफर होता. उजेड जेवढा जास्त तेवढा चांगला, अशी त्याची समजूत. मला कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा आणि पूर्ण ताकदीने समोरच्याच्या तोंडावर मारायचा. बागेतल्या फोटोतसुद्धा मागचं आभाळ काळंठिक्कर आणि पुढची माणसं चुना फासल्यासारखी. तरी लोक वाहवा करायचे, आणि मीही फुगायचो.

पुढे त्याच्या मुलीने मला हाती घेतलं. तिला सगळे ताई म्हणत. ताई मला भर उन्हात बाहेर काढायची.

"अहो, एवढं ऊन पडलंय, फ्लॅश कशाला?" लोक विचारायचे.

"ऊन पडलंय म्हणूनच," ती म्हणायची.

माणसाला सूर्याकडे पाठ करून बसवलं की त्याचे डोळे मिचमिचत नाहीत, पण चेहरा सावलीत जातो. म्हणून ताई आधी आभाळ निळं येईल असा कॅमेरा लावायची. मग मला स्टँडवर बाजूला उभं करून माझ्या तोंडावर पांढरं कापड बांधायची आणि माझी ताकद मीठ घातल्यासारखी चिमटीचिमटीने वाढवायची. उन्हापेक्षा मी थोडा कमीच राहायचो. "फोटो बघून कुणी 'फ्लॅश मारलाय' म्हणालं, की आपलं चुकलं," असं तिचं म्हणणं. डोळ्यांखालच्या, हनुवटीखालच्या सावल्या मी हलकेच पुसायचो आणि आपलं नाव कुठे येऊ द्यायचो नाही. ती माझी सुखाची वर्षं.

शहरातल्या एका सेवासंस्थेचं काम ताईकडे होतं. एका वर्षी संस्थेने अकरा अपंग माणसांना चाकाच्या खुर्च्या देण्याचा कार्यक्रम ठेवला. अध्यक्ष पांढरेशुभ्र कपडे घालून अंगणात उभे राहिले. एकेक माणूस खुर्चीत बसून समोर यायचा. अध्यक्ष त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे, दात दाखवायचे, मी पेटायचो. फोटो झाला की अध्यक्ष तो हात ओल्या रुमालाने पुसायचे. बोटांच्या बेचक्यासुद्धा! मग पुढचा खांदा, पुढचे दात. मी ते दात अकरा वेळा उजळले.

आणखी एक गोष्ट मला दिसत होती. खुर्चीच्या डाव्या हाताचं रेक्झिन फाटून पिवळा स्पंज बाहेर आला होता. पहिल्या माणसाच्या खुर्चीचं तसं होतं. दुसऱ्याच्याही. अकराव्याच्याही. ताई चेहरे बघत होती, तिचं खुर्चीकडे लक्ष नव्हतं.

काम आटोपून आम्ही निघालो. रस्त्याच्या टोकाला गेल्यावर ताईला आठवलं, स्टँडवर वजन म्हणून ठेवलेली वाळूची पिशवी अंगणातच राहिली. आम्ही परत फिरलो.

अंगणाच्या पायरीवर अकरावा माणूस बसला होता. तो म्हातारा गवंडी. परांचीवरून पडून त्याचं कमरेखालचं बळ गेलं होतं. सकाळी त्याच्या लेकीने त्याला हातगाडीवर गोधडी अंथरून आणलं होतं, आणि आता खुर्ची मिळणार म्हणून ती हातगाडी ज्याची त्याला परत देऊन आली होती. दोघं पायरीवर बसली होती. संस्थेचे चिटणीस खुर्ची टेम्पोत चढवत होते. टेम्पोत दुसरी खुर्ची नव्हती.

"यांची खुर्ची कुठे नेताय?" ताईने विचारलं.

"ही कार्यक्रमाची आहे मॅडम. उद्या दुसरीकडे लागणार. त्यांची नंतर येईल."

"नंतर म्हणजे कधी?"

"आता काय मुहूर्त काढून देऊ का?" चिटणीस हसले आणि टेम्पोत बसले.

गवंडी म्हणाला, "जाऊ द्या हो ताई. फोटोत तरी बसलो."

मित्रांनो, ते ऐकलं आणि मला माझ्याच उजेडाची किळस आली. ज्या उजेडाने मी त्या माणसाच्या डोळ्यांखालची सावली पुसली, त्याच उजेडाने ते दातही चमकवले होते. ताईने गाडीतून स्टँड पुन्हा बाहेर काढला.

मग तिने मला पुन्हा स्टँडवर चढवलं.

"आता परत फोटो कशाला?" लेकीने रागाने विचारलं.

"मघाशी मी नीट बघितलंच नव्हतं," ताई म्हणाली. "तुम्ही म्हणाल तरच काढते."

लेक बापाकडे बघत राहिली. गवंड्याने शर्टाची कॉलर सारखी केली. "काढा," तो म्हणाला.

ऊन कलतं झालं होतं. ताईने माझी ताकद अगदी पाव हिश्श्यावर आणली. त्या फोटोत पायरी दिसते, बापाचे पाय दिसतात, लेकीचे लालबुंद डोळे दिसतात. कुणीही हसत नाही. मग ताईने दोघांना आपल्या गाडीतून घरी सोडलं. उचलून बसवताना गवंडी सारखा म्हणत होता, "तुमचे कपडे मळतील."

महिन्याभराने संस्थेची वार्षिक सभा झाली. भिंतीवर फोटो लावायचं काम ताईचंच. तिने अकराही फोटो एका मापाचे करून ओळीत लावले आणि शेवटी बारावा, पायरीवरचा. खुर्च्यांसाठी देणगी देणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका चष्मा लावून एकेका फोटोपुढे उभ्या राहिल्या. फाटक्या रेक्झिनवर बोट ठेवत त्या शेवटपर्यंत गेल्या.

"ही सगळी एकच खुर्ची आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या.

अध्यक्ष हसले. तेच दात. "उजेडामुळे तसं वाटतं हो."

"उजेड मी लावला होता," ताई म्हणाली. "वाटण्याचा प्रश्न नाही. दिसतंय ते आहे."

सभेत बराच आरडाओरडा झाला. पंधरा दिवसांत अकरा खुर्च्या घरोघरी पोचल्या. एका घरी उशीर झाला होता. तिथला माणूस आधीच गेला होता. गवंड्याच्या खुर्चीचा ब्रेक लागत नव्हता, तो लेकीने तार बांधून नीट केला. अध्यक्ष अध्यक्षच राहिले. ताईला मात्र पुढे ना त्या संस्थेने बोलावलं, ना त्यांच्या ओळखीच्या कुणी. भांडखोर बाई, असं नाव पडलं.

नंतर नवा फ्लॅश आला आणि मी कपाटात गेलो. माझ्या पोटातल्या बॅटऱ्या काढायला ताई विसरली. त्या फुटून त्यांचा हिरवा चिकटा माझ्या आत पसरला. परवा तिने मला उघडलं तेव्हा नाक मुरडलं, मग व्हिनेगरचा बोळा घेऊन तासभर घासत बसली. सगळं निघालं नाही.

तेव्हा मित्रांनो, फ्लॅश ठेवून देताना बॅटऱ्या काढत जा, एवढं तरी करा. आणि कुणाला मदत करताना फोटो निघाला, तर उजेड विझल्यावर लगेच पाठ फिरवू नका. पाच मिनिटं तिथेच थांबा. तो माणूस घरी कसा जातो, ते बघा.