बाटलीत मुळी नव्हतीच

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मुळीबाबांचे थेंब घेणाऱ्या एका आजींनी हातातली काठी टाकली, चार पावलं चालून दाखवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मुळीबाबा डोळे मिटून म्हणाले, "मी काहीच करत नाही हो. रानातली मुळी मला हाक मारते, मी नुसता जातो!"

पहिल्या रांगेत माझी ताई रडत होती. आईमागे तिनेच मला वाढवलं. मला नावाने हाक मारणारं तिच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

आता गंमत ऐका. ती दुर्मिळ मुळी म्हणजे माझं अर्धं आयुष्य. वाळवायची, कुटायची, अर्क काढायचा, त्यातलं एकेक रसायन वेगळं करून ओळखायचं. प्रयोगशाळेतले सोबती कंटाळून गेले. मी आणि मुळी उरलो. सांधेदुखीच्या बाबतीत मात्र भरवशाच्या म्हशीला टोणगा. तिच्यातल्या एकाही रसायनाने दुखणं हललं नाही.

"ताई, तुझा चेहरा सुजलाय."

"सूज नाही रे, तेज चढलंय. बाबाच म्हणाले."

"आणि रक्तातली साखर?"

"वाढू दे! गुडघे बघ माझे. तुझ्या मुळीनं इतक्या वर्षांत काय केलं?"

मला ते झोंबलं. तरी सूज आणि साखर स्टेरॉइडनेही वाढते, म्हणून तिच्या बाटलीतले थेंब मागून आणले.

लेप दिलेल्या काचपट्टीवर तीन ठिपके ठेवले: माझा अर्क, बाबांचे थेंब आणि विरघळवलेली स्टेरॉइडची गोळी. पट्टीचं टोक ज्यात बुडवतात ते द्रावण वर चढतं, तसं प्रत्येक रसायन आपापल्या उंचीवर थांबतं. अतिनील दिव्याखाली माझ्या अर्कात ठिपक्यांची रांग दिसली. बाबांच्या थेंबांत त्यातला एकही नाही. एकच गडद ठिपका, थेट गोळीच्या रेषेत. मोठ्या यंत्रानेही तेच सांगितलं. औषधात मुळीचा मागमूस नव्हता!

पट्टी बघून ताईने गालावरून हात फिरवला. "म्हणजे हे तेज नाही?"

"नाही, स्टेरॉइडची सूज. पण थेंब एकदम सोडू नकोस, शरीराला सवय लागलीय, जिवावर बेतेल. डॉक्टर हळूहळू कमी करतील."

मग ती म्हणाली, "तिथं हॉलमध्ये शेजारी कुणीतरी बसायचं रे. घरी कोण असतं?"



पुढे बरेच दिवस तिचा फोन आला नाही. मग एका दुपारी ती प्रयोगशाळेच्या दारात उभी. गुडघा पुन्हा दुखत होता, चेहऱ्याची सूज उतरली होती, हातात बाटली.

"ही तिथल्या शेजारणीची. हिच्यात काय आहे तेही बघ. मी बसते इथंच."

म्हणून सांगतो, हात जोडण्याआधी एवढंच विचारा: बाटलीत काय आहे? आणि विचारणाऱ्याला एकटं पाडू नका.