पिंजऱ्यातला भुसा

पत्र येऊन पाच आठवडे झाले, तरी मामांनी उत्तर लिहिलं नव्हतं. पत्र शब्दकोशात दडवलं होतं, पण त्यातली ओळ न् ओळ पाठ झाली होती.

‘सर, तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहितेय,’ त्यांच्या जुन्या सहायक बाईंनी लिहिलं होतं. ‘यकृताच्या सुजेवरच्या आपल्या औषधाचा प्रयोग मी उंदरांवर पुन्हा केला. तुमच्या उंदरांची यकृतं निर्मळ होती, माझ्या उंदरांची खराब झाली. औषध तेच, मात्रा तीच. तुमच्या वेळी काही वेगळं होतं का? पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपासून ते माणसांना देणार आहेत. समिती मला म्हणते, सरांच्या हातून चूक व्हायची नाही, तुमचंच काहीतरी बिनसलंय.’

आज अकरा तारीख.

वेगळं होतं. प्रयोगशाळेत सगळे त्यांना उंदीरमामा म्हणत, ते काही उगाच नाही. एकेक पिंजरा त्यांच्या डोळ्यांपुढे होता. अंथरायचा मक्याचा भुसा तेव्हा संपला होता. दोन महिने त्यांनी सुताराकडच्या देवदाराच्या सालपट्या अंथरल्या. वास छान यायचा. त्या वासामुळेच उंदरांचं यकृत जास्त जोमानं काम करतं आणि काही औषधं बाधायच्या आत निकालात काढतं, हे त्यांनी निवृत्तीनंतर वाचलं आणि पायाखालची जमीन सरकली. वहीत नोंद नव्हती. भुसा कोण लिहितो?

आणि माणसं काही सालपट्यांवर झोपत नाहीत.

“अहो, चहा तिसऱ्यांदा गार झाला,” बायको म्हणाली. “पत्र लिहिताय की अंडी उबवताय?”

मामांनी एकदाचं तिला सगळं सांगितलं. ती समोर बसली.

“मग आत्ता फोन लावा.”

“फोनवर माझी बोबडी वळते. आणि समितीपुढे ठेवायला तिला माझ्या सहीचा कागद लागेल.” ते घुटमळले. “पण सालपट्यांमुळे नसेलही. माझी खात्री नाही.”

“मग खात्री नाही, असंच लिहा. ठरवायला समिती बसलीय ना?”

“तीस वर्षांचं नाव जाईल गं.”

“नावाचं काय लोणचं घालायचंय? तिकडे ती पोर तुमच्या वाटची बोलणी खातेय. आणि ते औषध घेणारे?”

मामांनी मान खाली घातली आणि लिहायला घेतलं. कुठला भुसा, किती दिवस, कोणते पिंजरे. नोंद न करण्याची चूक माझी, बाईंचा प्रयोग बरोबर असू शकतो; खुलासा होईपर्यंत औषध माणसांना देऊ नये. सही इतकी वाकडी आली, की दुसऱ्याच कुणाची वाटली. त्यांनी खाली पूर्ण नाव लिहिलं.

टपाल कचेरी बंद तर झाली नसेल? पत्ता चुकला तर? वाटेत दोनदा थांबून त्यांनी पाकीट तपासलं.

“साधं की जलद, आजोबा?” खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

“जलद. परवापर्यंत पोचेल ना?”

“उद्याच पोचेल. द्या इकडे.”

मामांनी पाकीट पुढे केलं. कारकुनानं ते ओढलं, तरी निघेना.

“आजोबा, सोडा की!”

मामांनी सोडलं.