टक्क्यांची घासाघीस

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला वर-खाली होण्याची सवय असते. पण त्या दिवशी प्रवेश-सल्लागार बाईंच्या खोलीत भिंगरीच्या बाबांचं काळीज घशाशी येऊन अडकलं, ते काही केल्या खाली उतरेना. भिंगरी ही त्यांची एकुलती एक लेक. लहानपणापासून एका जागी टिकली नाही म्हणून घरचं हे नाव. तिला ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं होतं तिथे जागा साठ आणि अर्ज हजारोंनी. आई नर्स, ती ड्युटीवर; म्हणून बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, सोबत आली होती. खरं तर तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

बाईंनी गुणपत्रक पाहिलं, अर्ज पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला.

"खरं सांगू? अकरा टक्के शक्यता आहे."

बाबांनी लेकीकडे पाहिलं, लेकीने बाबांकडे, आणि दोघंही खुदकन हसली. वर्षभर ज्याने त्याने "छे, तिथे कुठलं मिळायला!" एवढंच ऐकवलं होतं. त्यापुढे अकरा म्हणजे चैनच!

"रडणारे पालक खूप पाहिले," बाई म्हणाल्या, "हसणारे तुम्ही पहिलेच."

आत्याला मात्र अकरा पसंत पडेनात. "अहो मॅडम, दोन बस बदलून आलोय. वीस तरी करा."

"ताई, ती काय भाजी आहे?" बाबा कुजबुजले.

"बरं, अठरा."

बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. "आकडा मी मनाने लावत नाही हो. गुण उत्तम आहेत, पण तिथे सगळ्यांचेच असतात. अभ्यासाशिवाय ही काय करते, ती जागा अर्जात कोरी आहे. काही छंद?"

"काही नाही," भिंगरी पुटपुटली.

"काही नाही?" आत्या उसळली. "माझं शिलाई मशीन दोनदा कुणी उघडलं? शेजारच्या जुळ्यांचा पाळणा कुणी केला?"

"आत्या, नको ना!"

"कसला पाळणा?" बाईंचा चष्मा पुन्हा नाकावर आला.

मग सगळंच बाहेर आलं. शेजारची जुळी झोपत नव्हती, म्हणून भिंगरीने भंगारात निघालेल्या वॉशिंग मशीनची मोटर त्यांच्या पाळण्याला जोडली होती. बाळांच्या जागी आधी पिठाच्या दोन पिशव्या ठेवून बटण दाबलं, तर पाळण्याने असा काही झोका घेतला की एक पिशवी छताला आणि दुसरी थेट आत्याच्या डोक्यावर. पुढचे चार दिवस घर पांढरं होतं. तिने मग सायकलची लहान-मोठी चक्रं बसवून गती उतरवली, नवव्या खेपेला पिठाचा कणही सांडला नाही, आणि जुळी झोपली. त्यांना सांभाळायला बसलेला बापही झोपला, तो ऑफिसला उशिरा पोचला.

बाई टेबलावर हात आपटून हसत होत्या. "अगं, हे अर्जात का नाही लिहिलंस?"

"घरी मी यासाठी बोलणी खाते."

"मग तेच लिही. नऊच्या नऊ खेपा. पिठासकट!"

"आता किती?" आत्याने संधी सोडली नाही.

"चोवीस."

"सुटे कशाला ठेवता?"

"घ्या, पंचवीस!" बाईंनी डोळे पुसले.

तिघं रस्त्यावर आली ती जणू निकाल लागल्यासारखी. बाबांनी भर फुटपाथवर लेकीला गरकन फिरवलं. आत्याने तर सिग्नलला थांबलेल्या एका अनोळखी गृहस्थांना आकडा सांगून टाकला. त्यांनी बिचाऱ्यांनी अभिनंदनही केलं.

फोनवर आई म्हणाली, "पंचवीस? म्हणजे पंच्याहत्तर टक्के नाहीच की!"

"अगं, तू आहेस कुणाच्या बाजूची?" बाबा ओरडले.

भिंगरीने तो अर्ज बसून, उठून, चालता चालता सात वेळा लिहिला आणि पाठवला.

निकाल आला तेव्हा बाबा एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर, लिफ्टच्या टपावर उभे राहून दोर तपासत होते. खालून भिंगरीची किंकाळी आली. पोकळीत घुमून वर पोचला तो एकच शब्द, "...झालं... झालं... झालं!"

"काय झालं? अगं, कुणाला झालं?"

"...झालं... झालं!"

टपावरून लिफ्ट चालवायची तर ती गोगलगायीच्या चालीनेच चालते. बाबांनी खालचं बटण दाबून धरलं आणि प्रत्येक मजल्याच्या बंद दारामागून ओरडत सुटले, "माझ्या पोरीचं झालं वाटतं हो!" दारांपलीकडून लोक विचारत होते, "लिफ्ट झाली का?"

पहिल्या मजल्याचं दार उघडून बाबा टपावरून उतरले आणि जिन्याने तळाला धावले. भिंगरी एका पायावर नाचत होती. "बाबा, मिळाला! प्रवेश मिळाला!"

ग्रीसने माखलेले हात मागे धरून बाबांनी नुसती मान पुढे केली. तिने ती घट्ट कवटाळली. शेजारी पिशवी घेऊन ताटकळलेल्या एक आजी हे सगळं पाहत होत्या.

"पाचच मिनिटं, आजी," बाबा नाक ओढत म्हणाले, "चालू करतो."

"काही घाई नाही," आजी म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "तुम्ही आधी नीट रडून घ्या. आणि पोरी, तू सांग बघू, काय काय झालं ते?"