आत्याचं गुपचूप पुस्तक

संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर बावीस चित्रं होती. एकवीस चित्रांना ऐकून कळेल असं वर्णन नव्हतं. बाविसाव्याचं वर्णन होतं: 'नवीन फोटो अंतिम दोन'. बटणं अकरा, त्यांतल्या नऊ बटणांवर एकच मजकूर: 'येथे क्लिक करा'. सगळ्यात वर संस्थेच्या इमारतीचे फोटो दर चार सेकंदांनी बदलत होते. ही संस्था अंध वाचकांना ध्वनिमुद्रित पुस्तकं घरपोच पाठवते.

मोजदाद मी केली. सूक्ष्मजीवशास्त्र शिकल्यापासून मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून आत्या मला मोजपट्टी म्हणते. ती शिवणवर्गात कापड बेतायला शिकवायची. सहा वर्षांपूर्वी तिची नजर गेली आणि ती या संस्थेची सभासद झाली.

"मला एक पुस्तक हवंय," ती मला म्हणाली होती, "पण गाजावाजा न करता."

"म्हणजे?"

"फोन केला की ग्रंथपालबाई पुस्तकाचं नाव केवढ्यांदा म्हणतात! पलीकडच्या खोलीत रेकॉर्डिंगवाल्यांना ऐकू जावं म्हणून. मागे एक प्रेमकथा मागवली, तर तिथे बसलेल्या तिघांनी नंतर मला विचारलं, कशी होती म्हणून."

"मग घरी काकांना सांग, ते संकेतस्थळावरून मागवतील."

"ते यादी वाचून दाखवताना नावं गाळतात गं! त्यांना वाटतं मला कळत नाही."

म्हणून तिने स्वतःच प्रयत्न केला, मी शेजारी बसले. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला आत्या पोपट म्हणते. पोपट सुरू झाला: "चित्र. चित्र. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा." वरचा फोटो बदलला की त्याची गाडी पुन्हा पहिल्यापासून. धडपडत ती मागणीच्या अर्जापर्यंत पोचली, तर पोपट म्हणाला, "आपण माणूस आहात याची खात्री करण्यासाठी चित्रात दिसणारी अक्षरे भरा."

आत्याने हेडफोन काढला. "घ्या! दिसत नाही म्हणजे मी माणूसच नाही."

वेळ: एकेचाळीस मिनिटं. मागवलेली पुस्तकं: शून्य.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथपालबाईंना गाठलं.

"अगं, ती अक्षरं सुरक्षेसाठी आहेत," त्या म्हणाल्या.

"कुणापासून सुरक्षा?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आमच्या सभासदांपासूनच की," असं म्हणून त्या इतक्या हसल्या की पलीकडून रेकॉर्डिंगवाले काका डोकावले. संध्याकाळच्या आत संकेतस्थळाचा पासवर्ड आणि कार्यालयातलं एक टेबल माझ्या ताब्यात होतं.

पहिल्या आठवड्यात मी अक्षरांचं चित्र काढून टाकलं, फोटोंची पळापळ थांबवली, प्रत्येक बटणाला त्याच्या कामाचं नाव दिलं. मग चित्रांची वर्णनं लिहिली आणि मोठ्या अभिमानाने आत्याला ऐकवली. पोपट म्हणाला, "दगडी इमारत. मजले दोन. खिडक्या सहा, पैकी उघड्या चार. पायऱ्या पाच. उजवीकडे एक झाड, उंची अंदाजे सात मीटर."

"इमारत विकायला काढलीय का?" आत्या म्हणाली. "मला नुसतं आत शिरायचंय."

"पण वर्णन अचूक आहे."

"अचूक आहे गं. पण झगा शिवायला आलेल्या बाईला तू सुताचा इतिहास सांगतेयस."

मी बावीसपैकी सतरा चित्रं पोपटाने न बोलता ओलांडावीत अशी सोय केली. उरलेल्या पाचांना एकेक ओळ ठेवली.

"आणि पुस्तकापुढे वाचणाऱ्याचं नाव टाक," आत्या म्हणाली. "मागे एक नाकात बोलणारे वाट्याला आले. सोळा तास!"

ही सूचना मी कार्यालयात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "तेव्हा मला सर्दी होती!"

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी आत्या स्वतः कार्यालयात आली. माझ्या टेबलाशी बसून तिने हेडफोन लावला.

"पडद्याकडे बघायचं नाही हं, मोजपट्टे."

"पाठ करून बसलेय."

मी घड्याळ सुरू केलं. मागे फक्त कळांचा टकटकाट. मधे तो बराच वेळ थांबला. मान वळवायचा मोह मी महत्प्रयासाने आवरला. मग पुन्हा टकटक, आणि आत्याने टेबलावर थाप मारली.

"गेलं!"

ग्रंथपालबाईंच्या संगणकावर टिंग वाजलं. त्यांनी वाचलं. भुवया कपाळात गेल्या. सवयीने त्यांनी छातीभर श्वास घेतला.

"काय पाठवायचंय हो?" पलीकडून विचारणा झाली.

बाईंनी तोंड मिटलं. एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, चिठ्ठीची चार वेळा घडी घातली आणि चवड्यांवर चालत ती पलीकडे नेऊन दिली. लगेच तिकडून खो खो हसू.

"हसायचं काम नाही!" आत्या ओरडली, आणि तीच सगळ्यांत मोठ्याने हसत होती.

मी वहीत नोंद केली. वेळ: तीन मिनिटं दहा सेकंद. मदत: शून्य वेळा. पुस्तकाचं नाव: माहीत नाही.