पश्चिमेची भिंत

प्राजक्ताची थोरली बहीण मंजुषा डिसेंबरात गेली. ताप आला, डोक्यात शिरला आणि सहा दिवसांत सगळं आटोपलं. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी प्राजक्ता अमरावतीला आपल्या ऑफिसात येऊन बसली. ती आर्किटेक्ट. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता, रडू येत नव्हतं एवढंच. ताट समोर आलं की ती जेवायची, कोणी काही विचारलं की 'हो' म्हणायची.

असंच एकदा ती सूर्यभानजींनाही 'हो' म्हणून बसली. सूर्यभानजी अकोल्याचे बिल्डर. जठारपेठेच्या पुढे त्यांची चौदा मजली इमारत उभी राहत होती आणि तिचे रंग प्राजक्ताने वर्षभर जीव लावून ठरवले होते. खालचे चार मजले मातकट, रस्त्याची धूळ दिसू नये म्हणून. वर जावं तसा रंग फिका होत जाणार, शेवटी उन्हाळ्यातल्या आभाळासारखा जवळजवळ पांढरा. आणि रस्त्यावरून मान वर केली की बाल्कन्यांची जी खालची बाजू दिसते, ती हळदीच्या रंगाची.

मार्चमध्ये सूर्यभानजींचा फोन आला. "मॅडम, आजकाल गडद ग्रे चालून राहिला. पुण्यात सारे टॉवर तसेच हायेत. करून टाकू का पुरी बिल्डिंग?"

"हो, करा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आठवड्याने रंगकामाचे ठेकेदार सरफराजभाई यांचा फोन. "मॅडम, एक डाव साइटवर या. मी काम थांबवून ठेवलं हाय."

ती गेली. बडनेरा, मूर्तिजापूर कधी मागे पडलं, तिला कळलंही नाही. सरफराजभाई तिला थेट गच्चीवर घेऊन गेले. लिफ्टच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीवर त्यांनी दोन चौकोन रंगवले होते. एक गडद ग्रे, एक तिने ठरवलेला फिका. दुपारचे तीन वाजले होते.

"पाहा. कोणता चांगला?"

तिने पाहिलं. एक काळपट होता, एक पांढुरका. त्यापलीकडे काही वाटेना. "दोन्ही ठीक आहेत."

"ठीक?" सरफराजभाईंचा आवाज चढला. "या एका पांढऱ्यासाठी तुमी माह्याकडून सहा डाव पट्टे मारून घेतले. मी घरी बायकोले, अकीलाले म्हणलो, अमरावतीची बाई डोकं खाऊन राहिली. अन् आता दोन्ही ठीक?"

"माझी बहीण गेली, सरफराजभाई." गाडीची वेळ सांगावी तसं ती म्हणाली.

त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. "कधी?"

"डिसेंबरात."

"मले कोणी सांगतलंच नाही." रुमाल त्यांनी परत डोक्याला बांधला. मग म्हणाले, "डोयाले समजत नसंल तर राहू द्या. हात लावून पाहा."

फिक्या चौकोनावर तिने तळहात टेकला. गरम होता, पण हात टिकला. मग ग्रेवर टेकला. चटका बसला, तरी तिने हात काढला नाही.

"मॅडम, बस!" सरफराजभाई ओरडले, तेव्हा काढला. तळवा लालबुंद झाला होता.

"आता तं मार्चच हाय," ते म्हणाले. "मे मधी इथं लेकरंबाळं घेऊन कोणी राहीन, त्यानं काय करावं?"

तिने तिथूनच फोन लावला. "सूर्यभानजी, ग्रे नको. वरची घरं भट्टी होतील."

"अवो, पण तुमीच तं हो म्हणल्या होत्या!"

"म्हणाले होते. चुकलं माझं."

सूर्यभानजींनी ग्रेचे डबे आणून ठेवले होते. शेवटी पश्चिमेची भिंत तेवढी फिकी करायची ठरली. बाल्कन्यांखालची हळदही राहिली. बाकी तीन बाजू ग्रे. आधीची प्राजक्ता असती तर हट्टाने सगळी इमारत आपल्या रंगांत करून घेतली असती. हे तिला कळत होतं, पण त्याचं वाईट वाटत नव्हतं.

इमारत दिवाळीला पुरी झाली. समोरून एक दिसते, बाजूने दुसरीच. वास्तुपूजेच्या दिवशी फाटकाशी सरफराजभाई भेटले. "बहिणीचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

"मंजुषा." कित्येक महिन्यांत ते नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

"अकोल्यालेच होती का?"

"नाही, हिवरखेडला दिली होती," ती म्हणाली आणि मग तिथेच उभ्या उभ्या, सपाट आवाजात, त्या सहा दिवसांचं सांगू लागली.